वाढत्या अंगाचा लॅपटॉप

मित्रांनो, माझे नशीब पालटले ते साल २०१८. दिवाळी सरली होती आणि तुळशीची लग्ने चालू होती. ते आठ-दहा दिवस मला आजही एकेक करून आठवतात. पण ते सांगण्याआधी माझी ओळख करून देतो.

मी एक जुना, भला मोठा लॅपटॉप आहे. माझा पडदा आडवा मोजला तर सोळा इंच भरतो आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अठराच्या वर जातो. वजन साडेचार किलो. माझा चार्जरच विटेएवढा आहे. मला मांडीवर घेणारा माणूस पाच मिनिटांत पाय बदलतो. ज्यांनी मला घडवले त्यांनी खेळाच्या हौशी मुलांसाठी घडवले, असे मी ऐकले आहे. पडदा मोठा, पंखा मोठा, आवाज मोठा. बॅटरी तेवढी मोठी करायची राहून गेली. ती तासाभरात मान टाकत असे.

लातूरच्या रुद्रेशभाऊंनी मला त्यांच्या दुकानात काचेआड मांडले होते. तिथे मी दोन वर्षे होतो. येणारा प्रत्येक जण माझ्यापुढे थांबे, कौतुक करी आणि शेजारचा लहान लॅपटॉप घेऊन जाई. शेवटी रुद्रेशभाऊ माझ्या पाठीला ‘उधार बंद’ची पाटी टेकवून ठेवू लागले.

२०१६ च्या जूनमध्ये मुखेडचे गुरुपादप्पा, सगळ्यांचे आप्पा, दुकानात आले. मुखेडच्या बाजारपेठेत त्यांचे शाळेच्या गणवेशाचे दुकान होते. त्यांची नात अंबिका इंजिनिअरिंगसाठी विष्णुपुरीला निघाली होती. आप्पांनी उभ्या जन्मात कोणत्याही मुलाला अंगाबरोबर कपडा विकला नव्हता. शर्ट दोन बोटे लांब, पँट खाली दुमडून शिवलेली, म्हणजे दोन वर्षे बघायला नको. त्यांनी खिशातून टेप काढला आणि एकेक लॅपटॉप मोजायला सुरुवात केली.

“पोरगी अजून वाढणार हाय,” ते म्हणाले. “आखूड घेतला तर उद्या पुरायचा न्हाई. वाढत्या अंगाचा द्या.”

लॅपटॉप असा घेत नसतात, हे सांगायला रुद्रेशभाऊंनी तोंड उघडले. तेवढ्यात त्यांची नजर माझ्यावर गेली. त्यांनी तोंड मिटले आणि फडके घेतले. दोन वर्षांत पहिल्यांदाच माझी धूळ निघाली.

मी मावेन अशी पिशवी लातुरात मिळाली नाही. आप्पांनी गणवेशाच्या खाकी कापडाची शिवून घेतली. ती खांद्याला लावून अंबिका वर्गात गेली तेव्हा संगमेश नावाच्या मुलाने तिला विचारले, “टीव्ही आणलास, अंबे? मग डिश कुठं बसवायची?” वर्ग हसला. अंबिकाही हसली, पण त्या दिवसापासून ती शेवटच्या बाकावर बसू लागली. बाकावर मी ठेवला की वहीला जागा उरत नसे. पंखा सुरू झाला की शिकवणारे सर थांबून खिडकीबाहेर पाहत. वर्षभर तिने मला वाहिले आणि आजोबांकडे एकदाही तक्रार केली नाही. तिचा खांदा मात्र दुखायचा. हे माझ्यामुळे झाले, ते मी विसरलेलो नाही.

दुसऱ्या वर्षी तिने वडिलांकडून हलका लॅपटॉप घेतला आणि मी मुखेडच्या दुकानात परत आलो. आप्पांनी मला गल्ल्याखालच्या फळीवर ठेवले. माझ्यावर पायमोज्यांची खोकी आली, त्यावर टाय-बेल्टची आली. मधल्या काळात बॅटरी पार संपली. मला राग आला नाही, मित्रांनो. कोरड्या जागी होतो, उंदीर नव्हते. एवढेही पुष्कळांच्या वाट्याला येत नाही.

आता सिंधुताईविषयी सांगतो. ती हदगावची. नवरा गेल्यावर मुलगी धम्मप्रियाला घेऊन मुखेडला आली आणि आप्पांच्या दुकानाच्या ओट्यावर शिलाई मशीन टाकून गणवेश शिवू लागली. पुढे तयार गणवेशांचे गठ्ठे बाहेरून येऊ लागले आणि तिच्या हाताला काम राहिले नाही. मग ती नांदेडला जाऊन आरीकाम शिकली. लाकडी चौकटीवर कापड ताणायचे आणि आकड्यासारख्या सुईने मणी, जर, रेशीम भरायचे. नवरीच्या ब्लाउजच्या पाठीवर हल्ली हे काम असतेच. तिची सुई देखणी चाले. पण तिला चित्र काढता येत नसे. आधी नक्षी बटर पेपरवर मापात उतरवावी लागते, आणि तिथेच तिचे अडे.

पुण्याच्या कपड्याच्या कारखान्यात तिच्या भावाने, अमृतरावांनी, तिच्यासाठी जागा पाहिली होती. पंधरा डिसेंबरला रुजू व्हायचे होते. तिथे खोलीत चौघी राहणार, म्हणून सहा वर्षांच्या धम्मप्रियाला हदगावला आजीकडे ठेवायचे ठरत होते. सिंधुताई सुई चालवता चालवता हे आप्पांना सांगे आणि दोरा दाताने तोडे.

अशात पुनम नावाची मुलगी मोबाइल घेऊन आली. तिचे लग्न दहा दिवसांवर होते. मोबाइलवर एका ब्लाउजचा फोटो होता: एका खांद्यावरून बेलपानांची वेल निघून तिरपी पाठीवर उतरलेली आणि टोकाला एक राघू. नांदेडला छापील नक्ष्या मिळत, पण तिला हीच हवी होती. अख्ख्या मुखेडात असे काम करणारे दुसरे कोणी नव्हते. हे एक जमले तर मागोमाग आणखी बायका येतील, न जमले तर पुणे. सिंधुताईने होकार दिला आणि पुनम गेल्यावर कपाळाला हात लावला.

अंबिका तेव्हा सुट्टीवर आली होती. तिने फोटो आपल्या हलक्या लॅपटॉपवर मोठा केला. सिंधुताईने टेप लावला. पाठीचे माप चौदा इंच, पडदा बाराचा. नक्षी दोन्हीकडे सारखी असती तर अर्धी काढून कागदाची घडी घालता आली असती, पण ही वेल तिरपी. दोन तुकड्यांत उतरवून पाहिली तर जोडावर वेल मोडली आणि राघूला मान राहिली नाही.

“आप्पा,” अंबिका हळूच म्हणाली, “तो माझा मोठा कुठंय?”

आप्पांनी तिच्याकडे बघितले. मग ते स्वतः खाली वाकले आणि एकेक खोके बाजूला करू लागले.

मी चालू होईन की नाही, याची मलाच खात्री नव्हती. वायर लावली. पंखा खोकला, मग फिरला. पडदा उजळला. वेल माझ्यावर पसरली आणि सिंधुताईने टेप लावून ती चौदा इंचांवर आणली. दोन्ही बाजूंना एकेक इंच उरला. तिने बटर पेपर माझ्यावर ठेवला. खालच्या उजेडाने प्रत्येक पान कागदातून वर आले. ती पेन्सिल घेऊन त्यावरून फिरवू लागली, अगदी हलक्या हाताने. मित्रांनो, मला खेळांसाठी बनवले होते. माझ्या उजेडाचा असा काही उपयोग असेल हे मला घडवणाऱ्यांच्याही मनात आले नसेल.

अर्धी वेल झाली आणि वीज गेली. माझी बॅटरी कधीच मेलेली. पडदा काळा पडला. तासाभराने वीज आली तेव्हा कागद सरकला होता आणि फोटो नेमका पूर्वीएवढा होईना. धागाभर इकडे, नाहीतर धागाभर तिकडे. तो कागद वाया गेला. दुसऱ्या दिवशीही तेच झाले. भरायलाच पाच दिवस लागणार होते. सिंधुताईने कागद चुरगाळला आणि पुण्याला फोन लावते म्हणाली.

आप्पा इतका वेळ गल्ल्यावर बसून हे पाहत होते.

“कापड बेतताना खुणा करतीस का न्हाई?” त्यांनी विचारले.

“करते की.”

“मग काचेला काय धाड भरली? खुणा कर अन् बस.”

खडू काचेवर घसरू लागला. तेव्हा सिंधुताईने पर्समधून टिकल्यांचे पाकीट काढले. वेलीचे टोक, राघूची चोच आणि दोन पाने, अशा चार ठिकाणी माझ्या पडद्यावर टिकल्या लावल्या आणि कागदाच्या कडा चिकटपट्टीने बसवल्या. वीज तिसऱ्या दिवशीही गेली. कोणी हलले नाही. वीज परत आली तेव्हा अंबिकाने फोटो टिकल्यांना बरोबर जुळवला आणि वेल पुढे निघाली. संध्याकाळपर्यंत राघूसुद्धा झाला.

मग कागदाला सुईने भोके पडली, पांढरी पूड रॉकेलमध्ये कालवून फिरवली गेली आणि रेशमी कापडावर ठिपक्यांची वेल उमटली. हे पुढचे मी फळीवरून पाहिले. लग्नाच्या आदल्या दिवशी पुनमने ब्लाउज नेला. लग्नानंतर चौथ्या दिवशी ओट्यावर तीन बायका फोटो घेऊन उभ्या होत्या. त्या गेल्यावर सिंधुताईने फोन लावला.

“दादा, मी येत न्हाई,” ती म्हणाली. थोडा वेळ ऐकून घेतले. “न्हाई, रागानं न्हाई. काम लागलंय इथं.”

मित्रांनो, एवढे मोठे लॅपटॉप बनवावेत का, घ्यावेत का, असे मला कोणी विचारले तर मी खरे तेच सांगेन. रोज पाठीवर वाहायचा असेल तर माझ्यासारखा घेऊ नका. पण जे काम एका जागी बसून, डोळ्यांसमोर पसरून करायचे आहे, त्याला माझ्याएवढी जागा लागते. आधी कामाचे माप घ्या, मग वस्तूचे. आणि एखादी वस्तू तुम्हाला पुरी पडली नाही किंवा जास्त झाली, तर ती खोक्यांखाली ढकलण्याआधी आजूबाजूला विचारा. कोणाला तरी नेमके तेच माप हवे असते. माझ्या पंख्यातली धूळ महिन्यातून एकदा काढतात. तेवढ्यावर मी इतकी वर्षे चाललो. तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूंसाठी तेवढे कराल ना?

रुद्रेशभाऊ आता फक्त मोबाइल विकतात. संगमेश पुलांच्या कामावर असतो. बहिणीच्या लग्नातला ब्लाउज त्याने मुखेडलाच करून घेतला. अंबिका हैदराबादला नोकरी करते आणि तिचा लॅपटॉप पूर्वीपेक्षाही हलका आहे. ती चांगली उंच झाली. पुनम उदगीरला नांदते. अमृतराव पुण्याहून जरीची रिळे धाडतात. आप्पा दोन वर्षांपूर्वी गेले. गेले तोवर ओट्यावरच्या चौकटी दोनाच्या चार झाल्या होत्या, आणि ते रोज त्या मोजत. माझी बिजागरी तुटली आहे. मी टेबलावर सपाट उताणा पडून असतो आणि माझ्यावर दिवसाला तीन-चार नक्ष्या उतरतात. धम्मप्रिया आठवीत आहे. शाळेतून आली की ती दारातूनच आईला हाक मारते, आणि आतून ओ येते.