कानामागचं काजळ

या, असं पुढं सरकून बसा. बुवा अजून मंडपात आलेले नाहीत, पखवाजाला आत्ता कुठं कणीक लावताहेत. तोवर एक गोष्ट सांगते. ऐकताना अंगावर काटा आला तर मला बोल लावू नका.

अंबाजोगाईत आमच्या संस्थेची एक खोली आहे. गरिबाघरच्या लेकरांच्या मोठ्या ऑपरेशनला संस्था मदत करते, आणि मी ती प्रकरणं संगणकात नोंदवते. लेकराचं नाव, आईबापाचं नाव, गाव, जन्मतारीख, फोटो. एकाच लेकराला दोनदा मदत जाऊ नये म्हणून त्या सॉफ्टवेअरला एक सवय लावलेली आहे. रोज रात्री ते सगळ्या फायली ताडून बघतं, आणि दोन फायली एकाच माणसाच्या वाटल्या की त्यांची एक करून टाकतं.

दिंद्रुडकडची विजयमाला आपल्या शिवकन्येला घेऊन आली. मेंढरांमागं फिरणारी माणसं. पोरीच्या काळजाला छिद्र. चार पावलं चालली की ओठ निळे पडायचे. बाहेरगावचे डॉक्टर त्याच आठवड्यात ऑपरेशनं करून परत जाणार होते. जन्माच्या दाखल्यावर पोरीचं वय दहा होतं. दिसायला सहाचीही वाटत नव्हती. पण असल्या आजारात लेकरं खुरटतात, मला काही वावगं वाटलं नाही. मी फाईल भरली.

सकाळी उघडून बघते तर माझी फाईल एका जुन्या फायलीत मिसळलेली, आणि वर लाल अक्षरांत लिहिलेलं: मयत, प्रकरण बंद.

पोर तर समोरच्या बाकावर बसून बिस्कीट खात होती.

मी फाईल पुन्हा भरली. दुसऱ्या सकाळी पुन्हा मयत. विठ्ठलाचं नाव घेऊन तिसऱ्यांदा भरली, तरी तेच. ज्या लेकराचा श्वास मला ऐकू येत होता, त्याला ते यंत्र रोज सकाळी मेलेलं ठरवत होतं.

मग बीडहून जीवनला बोलावलं. सॉफ्टवेअर तोच सांभाळतो. कपाळाला आठ्या घालून बराच वेळ बसला. फोटो जुळवायचा नियम कडक केला, गावाचा नियम काढून पाहिला. फायली एकमेकींना सोडेनात.

"ताई, याचं काही चुकत न्हाई," तो म्हणाला. "नाव एक, आईबाप एक, तारीख एक, आजार एक. माणूसच एक हाय."

"अरे, मग ही बिस्कीट खाणारी कोण?"

"ते मला कावून इचारता? तुमच्या बुवाला इचारा!"

"बुवा फायली सांभाळत नाहीत, बाबा. तू हातानं वेगळ्या कर की."

"करतो. पण कुठंतरी एक फरक दावावा लागतो. मला फरकच गावंना."

त्यानं जुन्या फायलीतला फोटो मोठा केला. तिनेक वर्षांची पोर, तोंड उघडं टाकून रडणारी. शिवकन्या बाकावरून उतरून आमच्यामागं कधी येऊन उभी राहिली, कळलंच नाही.

"ह्यो माझा फोटू हाय," ती म्हणाली. "लाईट डोळ्यात गेलती, म्हून मी रडलते."

मला हसू आलं. जीवनला नाही आलं. फोटोखालच्या वर्षावर त्यानं बोट ठेवलं, मग त्या फायलीला जोडलेला मृत्यूचा दाखला उघडला. दाखला खरा होता. फोटोतली पोर सात वर्षांपूर्वीच गेली होती. त्यानं हळूच माऊसवरचा हात काढून घेतला.

मी विजयमालाला जवळ बसवलं. "बाई, खरं काय ते सांग. लेकराच्या जिवाचा प्रश्न आहे."

ती जराही गोंधळली नाही. "खोटं काय हाय त्यात, ताई? गेलती, परत आली."

पहिली पोर गेली तेव्हा मातीत ठेवायच्या आधी तिनं तिच्या उजव्या कानामागं काजळाचं बोट लावलं होतं. "आमच्यात लावत्यात. लेकरू परत आलं तर आईला वळखू यावं म्हून." पुढच्या साली गेवराईच्या अलीकडं, मेंढरं बसवलेल्या रानात, दुसरी जन्मली. विजयमालानं तिचे केस बाजूला सारून दाखवले. कानामागं बोटाएवढा काळा डाग, बोटानं ओढल्यासारखा. "पोरगी तीच, तर नाव तेच. अन् त्याच पोरीला दुसरा दाखला कावून काढायचा?"

जीवन खुर्चीतून अर्धा उठला. जुन्या फायलीत डॉक्टरांनी लिहिलेलं त्यानं वाचून दाखवलं: "शरीरावर ओळखखूण नाही." माझ्या फायलीत मी ती जागा कोरीच सोडली होती.

"ह्यो फरक हाय, ताई! जित्तेपणी तिला डाग नव्हता. हिला जन्मापासून हाय."

त्यानं डाग नोंदवला, ओळखखुणेचा नियम चालू केला. पडद्यावर प्रश्न आला: या दोन व्यक्ती वेगळ्या आहेत असं आईचं म्हणणं आहे का? खाली अंगठ्याची जागा.

विजयमालानं हात पदरात लपवला. "मी न्हाई म्हणायची तसं. येगळी म्हणलं तर पहिली खरंच मेली की, ताई! अन् हिनं ऐकलं तर? हीबी निघून जाईल."

शिवकन्या भिंतीला टेकून बसली होती. ओठ जांभळे झाले होते.

मी काही शास्त्र-पुराण शिकलेली बाई नाही, पण जन्मभर कीर्तनं ऐकली आहेत. जे सुचलं ते बोलले. "आत्मा एकच असेल, माय. ते देवाचं देवाला ठाऊक, मी नाही म्हणणार नाही. पण छिद्र आत्म्याला पडत नाही गं. ह्या देहाला पडलंय, अन् हा देह तू रानात, आपल्या कुशीतून जन्माला घातलास. डॉक्टर ह्यालाच हात लावणार. यंत्रालाही देहच कळतो. देह निराळा आहे, एवढंच सांग."

ती लेकीकडं बघत राहिली. मग अंगठा पुढं केला.

"पहिली शिवकन्या गेली," ती म्हणाली. "ही दुसरी."

पोरीनं पडद्याकडं पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आता ती एकटी ऱ्हाईल."

जीवननं फाईल जतन केली.

सकाळी दोन फायली दोन होत्या. मंजुरी आली, ऑपरेशन झालं. पुढच्या महिन्यात मायलेकी तपासणीला आल्या तेव्हा पोर व्हरांड्यात पळत होती. ओठ लाल. दम खायला आईच्या मांडीवर येऊन आदळली आणि म्हणाली, "आई, मला बहीण व्हती का गं?"

खेळ नव्हता तो. तिला खरंच काही आठवत नव्हतं. विजयमाला तिचे केस कानामागं सारत राहिली, म्हणून मीच म्हटलं, "होती, बाळा."

बंद झालेल्या फायली काही वर्षांनी पुसून टाकतात, असं जीवन सांगत होता. जिनं पहिलीला आत जपलं होतं, ती धाकटी आता विसरली. आईनं तर अंगठा दिला.

तेवढ्यासाठीच तुम्हाला जवळ बोलावलं. बुवा उभे राहतील, टाळ वाजतील, तुम्ही देवाचं नाव घ्याल, तेव्हा मनातल्या मनात आणखी एक नाव घ्या. शिवकन्या. पहिली. फोटो काढताना रडली होती, ती.