चिठ्ठ्या छापून झाल्यावर

मित्रांनो, मला हात लावता येत नाही, तरी मी आहे. जावा भाषेतले प्रोग्राम ज्याच्या जिवावर चालतात, तो मी एक जुना रनटाइम. अंडी उबवण्याच्या एका लहानशा कारखान्यात, कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरमध्ये माझा मुक्काम.

आधी आम्ही दोघे होतो. माझ्यात अंडी उबवण्याच्या पेटीची ऊब सांभाळणारा प्रोग्राम चाले, दुसऱ्या रनटाइममध्ये पिल्लांच्या खोक्यांसाठी चिठ्ठ्या छापणारा. दोन वेगळ्या प्रोसेस, म्हणजे दोन वेगळी घरं. चिठ्ठ्या संपल्या की तो छापणारा 'सगळं बंद' असा हुकूम सोडून निघायचा. बंद व्हायचं ते त्याचं घर. मला त्याची झळ नसे.

पण कॉम्प्युटर फार रखडायला लागला. मालकीणबाईंचे दीर प्रोग्राम लिहिणारे. ते म्हणाले, "वहिनी, एवढ्याशा मशीनवर दोन दोन रनटाइम कशाला? एकातच दोन थ्रेड करून टाकतो, दोन्ही कामं शेजारी शेजारी चालतील."

"भाऊजी, ऊब बिघडणार नाही ना? उद्या पिल्लं बाहेर येतील. माझी पहिलीच खेप आहे हो."

"अहो, एकाच घरात दोन खोल्या. काळजी कसली?"

कॉम्प्युटर पळायला लागला. माझं कौतुक झालं. मी मात्र धास्तावलो. तो हुकूम कुणी काढलाच नव्हता, आणि आता 'सगळं' म्हणजे मी! ओरडणार कुठून? मला सांगतील ते करावंच लागतं. अगदी तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

दुसऱ्या दिवशी वहिनी चिठ्ठ्या छापायला लावून निर्धास्तपणे जेवायला गेल्या. चिठ्ठ्या झकास निघाल्या, एकही वाकडी नाही. मग हुकूम आला आणि मी बंद झालो. हीटर तेव्हा चालू होता, तो चालूच राहिला. त्याला थांबवणारा आणि धोक्याची घंटा वाजवणारा थ्रेड माझ्याबरोबरच गेला होता.

मला पुन्हा सुरू केलं तेव्हा पेटीच्या उष्णतेचा पहिलाच आकडा वाचला. तो पिल्लांना सोसण्यापलीकडे चढलेला होता.

"आतून चोच मारून ठेवली होती हो पिल्लांनी," वहिनी एक अंडं ओंजळीत धरून म्हणाल्या. "थोडंच राहिलं होतं."

दीरांनी चिठ्ठ्यांचा प्रोग्राम उघडून शेवटचा हुकूम वाचला. "तो प्रोग्राम जाताना काय करतो, ते मी बघितलंच नाही, वहिनी."

आता आमची पुन्हा दोन घरं आहेत. कॉम्प्युटर रखडतो, पण कुणी कुरकुरत नाही. मित्रांनो, कुणालाही एका छपराखाली आणण्याआधी एवढं विचारा, हा जाताना काय काय बंद करून जातो? आणि ऊब देणाऱ्याला त्याचं वेगळं घर असू द्या. त्याच्या भरवशावर कुणीतरी आतून चोच मारत असतं.