गारपेटीतलं पहिलं अंडं

मी एक जुनी गारपेटी आहे, मित्रांनो. मला वायर नाही, बटण नाही, मी घरघरतही नाही. माझ्या डोक्यावर पाण्याचा पत्र्याचा ट्रे, चारी बाजूंना तरट आणि पायाशी एक परात. ट्रेमध्ये फ्लॅनेलच्या पट्ट्या बुडवून त्यांची टोकं तरटावर सोडायची. पाणी झिरपत उतरतं, वाळवंटातला कोरडा वारा ओल्या तरटातून आत शिरतो, आणि पोटात कसं गारेगार होतं! नुसतं सांगतानाही मला हुरूप येतो बघा.

मला बनवलं इलिया आजोबांनी. ओपल नावाची रत्नं शोधायला ते सर्बियातून इथे, वाळवंटातल्या या खाणींच्या गावी, कूबर पेडीला आले, तेव्हा सुरुंगाच्या दारूची रिकामी खोकी फोडून त्यांनी माझ्या फळ्या केल्या. वरच्या फळीवर लोणी, मधल्या फळीवर दूध, खाली मांस. देसांका आजी तेव्हा नवी नवरी होती. शेजारणींना हाताला धरून माझ्यापाशी आणायची आणि म्हणायची, "घाला की हात आत! घाबरता काय?" त्यांनी "अगं बाई, बर्फच की!" म्हटलं की मी अशी फुगायचे म्हणून सांगू!

मग घरात फ्रिज आला आणि माझी रवानगी थेट अंगणात झाली. तरट फाटलं, पट्ट्या वाळून कडक झाल्या. आजोबा जाता-येता माझ्या फळीवर थाप मारायचे. गेल्या वर्षी तेही गेले, आणि मला कुणी हातही लावेना.

हात नाही, पण पाय लागले! आजोबांचा मुलगा मियोद्राग यानं आपल्या लेकीसाठी, नेवेनासाठी, चार कोंबड्या आणल्या. त्या थेट माझ्या डोक्यावर येऊन बसल्या. वर बसून काय काय करायच्या, ते सांगायची मला लाज वाटते. पण सोबत झाली, हे खरं.

उन्हाळा असा तापला की कोंबड्या चोच उघडून धापा टाकू लागल्या. आमच्याकडे माणसं टेकडी कोरून आतच राहतात. साहजिकच मियोद्रागनं खाणीचं यंत्र आणलं आणि टेकडीत कोंबड्यांसाठी एक खोली कोरून काढली. गावकरी बघायला आले, त्याची पाठ थोपटून गेले. कोंबड्या गारव्यात गेल्या आणि मी पुन्हा एकटी पडले.

आमच्याकडे ईस्टर उन्हाळा सरल्यावर येतो; त्याच्या आधीचा कित्येक आठवड्यांचा मोठा उपास सुरू झाला. उपासात अंडी खायची नसतात, त्यामुळे दाणे टाकण्यापलीकडे टेकडीतल्या खुराड्यात कुणी डोकावलं नाही. एका सकाळी आजी ईस्टरसाठी अंडी गोळा करायला टोपली घेऊन गेली आणि रिकामीच टोपली घेऊन बाहेर आली.

"एकसुद्धा नाही! सगळ्या खाऊन खाऊन गोलमटोल झाल्यात नुसत्या!"

मियोद्राग चिडला. "एवढी खोली कोरून दिली, आणि हे पांग फेडलेत? ईस्टरपर्यंत अंडं नाही दिलं, तर ईस्टरला सूप!"

"बाबा, नाही हं!" नेवेना रडायलाच लागली. "त्यांची नावं ठेवलीत मी!"

"मग सूपचंही नाव ठेव."

आजीनं टोपली खाली ठेवली. मग म्हणाली, "मियो, मी आत राहते, तर घड्याळ बघून उठते. या बिचाऱ्यांना घड्याळ कोण दाखवणार? दिवस उगवलाय हेच त्यांना कळत नाही. उजेडाशिवाय कोंबडी अंडं देईल कशी?"

"अख्खं गाव जमिनीखाली राहतं. या काय राणीसाहेब लागून गेल्यात?"

"गाव अंडी देतं का रे?" आजीनं विचारलं.

मियोद्रागनं खुराड्याचं दार उघडलं. कोंबड्या बाहेर आल्या. पण ऊन अजून उतरलं नव्हतं. पहिल्याच दुपारी तांबडी कोंबडी पंख पसरून लवंडली ती उठेचना. नेवेना किंचाळली, "आजी, ही मरतेय!"

आजीनं तांबडीचे पाय पाण्यात बुडवले, इकडेतिकडे पाहिलं, आणि तिची नजर माझ्यावर पडली. "नेवेना, आजोबांची पेटी! ओढ इकडे, वाऱ्याच्या तोंडाशी!"

मित्रांनो, तेव्हा मला काय वाटलं म्हणून सांगू! आजीनं धान्याचं पोतं उसवून मला नवं तरट शिवलं. आजोबांचा फ्लॅनेलचा शर्ट आणला, क्षणभर छातीशी धरला आणि कात्री लावली. नेवेनानं भाजी धुतलेलं पाणी माझ्या डोक्यावर ओतलं.

"आई, पाणी काय आकाशातून पडतंय का इथे?" मियोद्राग ओरडला.

"गाडी धुवायला बरं पडतं तुझ्यासाठी!"

पाणी झिरपलं, वारा आला, आणि मी थंड होऊ लागले! खरंच होऊ लागले! त्यांनी तांबडीला माझ्या पोटात ठेवलं. हळूहळू तिनं चोच मिटली आणि मान वर केली. मग बाकीच्या तिघी ढकलाढकली करत आत घुसल्या.

ऊन उतरेपर्यंत रोज हेच चाललं. कोंबड्या पहाटे उजेडात हिंडायच्या, दुपारी माझ्या पोटात यायच्या आणि परातीतलं पाणी प्यायच्या. पण अंडं काही दिसेना. नेवेना सकाळ-संध्याकाळ माझ्या फळ्या चाचपून जायची. ईस्टरच्या आदल्या आठवड्यात तर मीच घाबरले. आणि शुक्रवार उजाडला, अंडी रंगवायचा दिवस. आजीनं लाल रंगासाठी कांद्याच्या साली उकळायला ठेवल्या. मियोद्राग अंगणात सुरीला धार लावत बसला. तो मान वर करत नव्हता, आणि नेवेना त्याच्याशी बोलत नव्हती.

तेवढ्यात तांबडी माझ्या वरच्या फळीवर चढली. लोण्याच्या जागी! अंग चोरून बसली. मी श्वास रोखला. आणि मग तिनं जो गलका केला, तो टेकडीच्या पोटातही ऐकू गेला असेल!

"आजी! बाबा! अंडं! गरम आहे अजून!"

एकच होतं, पण ते पुरे होतं. रंगवलेलं पहिलं लाल अंडं आमच्याकडे खात नाहीत. ते घराची राखण करतं, म्हणून वर्षभर जपून ठेवतात. आजीनं ते रंगवून मियोद्रागच्या तळहातावर ठेवलं. "घे, कुठे ठेवायचं ते तूच ठरव."

 मग त्यानं सुरी आत नेऊन ठेवली, बाहेर आला आणि अंडं माझ्या वरच्या फळीच्या कोपऱ्यात ठेवलं. "बाबांची पेटी आहे," तो हळूच म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

आता टोपली भरते आहे. उन्हाळ्यात मियोद्राग आधी माझा ट्रे भरतो आणि मगच स्वतःचं तोंड धुतो. म्हणून म्हणते मित्रांनो, तुमच्याही अंगणात कुणी माझ्यासारखं वाळत पडलं असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एकदा त्याच्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओता. आणि इकडे याल तेव्हा माझ्यासाठीही थोडं पाणी आणा, आज वारा छान सुटलाय!