सेनापतीबाईंचा नकार

ताईंनी हेडफोन कानांवरून उतरवले, खुंटीला अडकवले आणि काचेपलीकडे बघत म्हटलं,

"हे वाक्य मी म्हणणार नाही."

काचेपलीकडे तरुण दिग्दर्शकाने डोळे मिटून घेतले. त्याच्या शेजारी रेकॉर्डिंग करणारा बसला होता. दिवसभर दुसऱ्यांचे आवाज ऐकायचे आणि स्वतः तोंडातून अक्षर काढायचं नाही, असा त्याचा खाक्या. म्हणून सगळे त्याला मुका म्हणत. मुक्याने रेकॉर्डिंग थांबवलं आणि खुर्ची बोटभर मागे सरकवली.

"ताई, आता काय झालं?" दिग्दर्शकाचा आवाज स्पीकरमधून आला.

"तूच वाच की. मोठ्याने."

दिग्दर्शकाने कागद उचलला, घसा खाकरला. "'तू आलास, आणि माझ्या हातातली तलवार मला जड वाटू लागली.'" वाक्य संपेपर्यंत तो स्वतःच लाजला.

"आयुष्यभर तलवार चालवलेली बाई," ताई म्हणाल्या. "एक डोळा लढाईत गेलाय. किल्ल्याला वेढा पडलाय. आणि हिला तलवार जड वाटते? असं केलंय काय त्याने?"

"अंगठी दिलीय."

"अंगठी," ताई म्हणाल्या आणि गप्प बसल्या. रंगभूमीवर त्यांच्या ह्या गप्प बसण्याला टाळ्या पडत असत.

गंमत अशी की हे प्रेम त्यांनी स्वतःच भांडून मागून घेतलं होतं. ज्या व्हिडिओ गेममधल्या सेनापतीबाईंना त्या आवाज देत होत्या, तो असा होता: खेळणारा दूत होऊन वेढा पडलेल्या किल्ल्यात शिरतो आणि तिथल्या माणसांशी बोलतो. म्हणजे स्क्रीनवर तीन-चार वाक्यं येतात, त्यातलं एक तो निवडतो. नीट वाक्यं निवडली, मनासारख्या भेटी दिल्या, तर समोरचं पात्र त्याच्या प्रेमात पडतं. वैद्याला असा प्रेमाचा रस्ता होता, चोराला होता, तळघरातल्या कैद्यालासुद्धा होता. सेनापतीबाईंना तेवढा नव्हता. मागच्या आठवड्यात हे ताईंच्या लक्षात आलं.

"माझ्या बाईला का नाही?" त्यांनी विचारलं होतं.

दिग्दर्शकाने कान खाजवला. "तिचं वय, ताई... म्हणजे, लोक तरुण पात्रं निवडतात."

सेनापतीबाईंचं वय आणि ताईंचं वय जवळपास एकच होतं. हे तिथल्या सगळ्यांना एकदमच आठवलं.

"मी नाटकांत नायिका करायचे तेव्हा मला प्रेमातलं ओ की ठो कळत नव्हतं," ताई अगदी शांतपणे म्हणाल्या. "आता जरा कुठे कळायला लागलंय, तर तुम्ही म्हणता गरज नाही."

दुसऱ्या दिवशी निरोप आला की सेनापतीबाईंनाही प्रेमाचा रस्ता मिळेल. ताई त्या दिवशी घरी गेल्या त्या मान ताठ ठेवूनच. त्यांचे यजमान जनावरांचे डॉक्टर; निवृत्त झाले तरी अख्खी गल्ली त्यांना डॉक्टरच म्हणे. ते वर्तमानपत्र वाचत बसले होते.

"मिळालं हो तिला प्रेम," ताईंनी दारातूनच जाहीर केलं.

"कोणाचं?"

"ज्याची छाती असेल त्याचं."

"मग रांग लागेल," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं.

आणि आता तेच प्रेम कागदावर उतरून आलं होतं, तर ताई त्याला हात लावायला तयार नव्हत्या. दिग्दर्शकाने हात टेकले आणि लेखिकेला बोलावणं धाडलं.

लेखिका तिशीतली होती, केस कापलेले, चेहरा ओढलेला. ती काचेपलीकडे थांबली नाही. सरळ आतल्या खोलीत आली आणि तिथे खुर्ची एकच असल्यामुळे तिने जमिनीवर बसकण मारली.

"मला वाटलंच होतं तुम्ही हे म्हणणार नाही," ती म्हणाली. "मीही म्हटलं नसतं."

"मग लिहिलंस कशाला?"

"घाईघाईत प्रेम लिहून दे म्हटल्यावर असंच होतं. खरं सांगू, ताई? माझ्या हातात असतं तर मी सगळ्याच पात्रांचे हे रस्ते बंद केले असते. चार गोड वाक्यं, एक भेटवस्तू, की पडला माणूस गळ्यात. हे खेळून खेळून पोरांना वाटायला लागतं, बाहेरची माणसंही अशीच चालतात."

"लोकांना ते हवं असतं," स्पीकरमधून दिग्दर्शक म्हणाला. आणि मग जरा खालच्या आवाजात, "मागच्या गेमच्या वेळी एकाने मला लिहिलं होतं. म्हणाला, आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला 'थांब ना' म्हणालं, ते तुमच्या गेममधल्या त्या कोळिणीने. त्याला मी काय सांगू? की हे इथे शोभत नाही?"

ताईंनी आळीपाळीने दोघांकडे पाहिलं. ह्या पोरांच्या खेळात वाद घालण्याजोगं काही असेल असं त्यांना आजवर वाटलं नव्हतं.

"बंद नको करूस," शेवटी त्या लेखिकेला म्हणाल्या. "मला एवढंच सांग. तो दूत माझ्या बाईला सारखं काही ना काही विचारतो. ती त्याला काय विचारते?"

लेखिकेने हातातली पानं चाळली. पुन्हा चाळली.

"काहीच नाही," ती म्हणाली.

"दरवाज्यावर येणाऱ्या प्रत्येकाला ती विचारते, कुठून आलास, काय आणलंस. आणि ज्याला जवळ करायचं, त्याला एक प्रश्न नाही?"

"काय विचारेल ती?"

ताई उभ्या राहिल्या. त्यांनी एक डोळा मिटला, हात पाठीमागे बांधले आणि काचेकडे, मुक्याच्या डोक्यावरून पार पलीकडे, अशा नजरेने पाहिलं की मुक्याला मागे वळून बघावंसं वाटलं.

"उद्या मी पडले," त्या म्हणाल्या, "तर तू काय करशील?"

खोलीत लाल दिवा लागलेला होता. कोणी सांगितलं नव्हतं, तरी मुक्याने रेकॉर्डिंग सुरू केलं होतं.

मग दोघी कामाला लागल्या. लेखिका जमिनीवर बसून लिही, ताई उभ्यानेच म्हणून बघत. जीभ अडली की शब्द बदले. प्रश्नाला चार उत्तरं ठरली. 'मीही जगणार नाही.' 'त्यांचा सूड घेईन.' 'मी तुला पडूच देणार नाही.' आणि 'दरवाजा धरून ठेवीन.' पहिल्या तिन्हींना नकार.

"आणि चौथ्यालाही लगेच हो नाही म्हणायचं," ताई म्हणाल्या. "त्याने आधी पहारे दिले असतील, जखमींना पाणी पाजलं असेल, तरच. ती बघत असते सगळं. एका डोळ्याने का होईना."

"लोक चिडतील हो," दिग्दर्शक कळवळून म्हणाला. "पैसे मोजून नकार ऐकायला कोण येतं?"

लेखिकेने मान वर केली. "तिला नाही म्हणताच येत नसेल, तर तिच्या हो म्हणण्याला किंमत काय?"

हे वाक्य ताईंना इतकं आवडलं की ते आपल्याला सुचलं नाही ह्याची त्यांना थोडी चुटपुट लागली.

नकारांचं रेकॉर्डिंग दुपारभर चाललं. दूत पुरुष असेल की बाई ते खेळणाऱ्याच्या मर्जीवर, म्हणून प्रत्येक वाक्य दोनदा: एकदा 'आलास', एकदा 'आलीस'. ताईंनी एकाला झिडकारलं, एकाला हसून उडवून लावलं, आणि एकाला अशा थंड आवाजात परत पाठवलं की दिग्दर्शक खुर्चीत सावरून बसला. शेवटी होकार आला. लेखिकेने तो अगदी छोटा लिहिला होता. ताईंनी कागदाकडे एकदाच पाहिलं.

"पहाटे उत्तरेच्या बुरुजावर ये. पांघरूण आण. तिथे वारा असतो."

बाजारातून येताना काहीतरी आणायला सांगावं, इतक्या सहज म्हटलं त्यांनी. काचेपलीकडे कोणी हललं नाही.

"हाताशी असावा म्हणून आणखी एक सेफ्टी टेक घेऊ या का?" दिग्दर्शकाने विचारलं.

"नको," मुका म्हणाला.

सगळ्यांनी चमकून त्याच्याकडे पाहिलं. तो बटणं पुसत होता.

गेम बाजारात आला आणि लोक खरोखरच चिडले. लेखिकेचा फोन आला तेव्हा तिच्या आवाजात हसू मावत नव्हतं.

"ताई, नुसती जुंपलीय. काही जण म्हणतात, युद्धाच्या गेममध्ये ही प्रेमाची थेरं हवीतच कशाला. बाकीचे म्हणतात, हवं तर सगळ्यांची काढा, पण सेनापतीबाईंना हात लावाल तर याद राखा. एकाने लिहिलंय, बाईंनी नाही म्हटल्यापासून त्याचं कामात लक्ष लागत नाही. पुन्हा पहिल्यापासून खेळतोय. पहारे देतोय."

"देऊ दे. सुधारेल."

फोन ठेवून ताई आरशासमोर उभ्या राहिल्या. एक डोळा मिटून पाहिला. मग जिना चढणाऱ्या शेजारणीला काही कारण नसताना थांबवून त्यांनी तिला सगळी हकीकत सांगितली, आणि खाली उतरणाऱ्या दुसऱ्या शेजाऱ्यासाठी पुन्हा पहिल्यापासून सांगितली.

जावयाने एक दिवस येऊन टीव्हीला गेमचं मशीन जोडून दिलं आणि सासऱ्यांना चार बटणं शिकवून गेला. डॉक्टरांची बोटं जाडजूड. सुरुवातीला त्यांचा दूत भिंतीवर डोकं आपटत फिरायचा. पण अडलेल्या गाईशेजारी तासन्‌तास बसून राहायची सवय असलेला माणूस तो. रोज जेवणं झाली की ते टीव्हीसमोर बसत. ताई त्या खोलीकडे फिरकत नसत. आपलं काम आपण बघू नये, बघितलं की चुकाच दिसतात, हा त्यांचा जुना नेम.

एका दुपारी त्या आडव्या झाल्या असताना भिंतीपलीकडून त्यांचाच आवाज आला. नकार. थोड्या वेळाने पुन्हा तोच नकार. मग दुसरा. मग पुन्हा पहिला.

अडकले बिचारे, ताईंना वाटलं. त्यांना दयाही आली आणि बरंही वाटलं. जरा वेळ त्यांनी दम धरला. मग उठल्या आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"सांगू का उत्तर?"

"दरवाजा धरून ठेवायचा," डॉक्टर स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाले. "ते मंगळवारीच झालं. पांघरूण घेऊन गेलोसुद्धा."

ताईंचा हात चौकटीवर होता तो तिथेच राहिला. "मग हे काय चाललंय?"

"तुझा होकार मी ऐकलेला आहे गं. नकार कधी ऐकला नव्हता." त्यांनी बटण दाबलं. 'त्यांचा सूड घेईन.'

"सूड घ्यायला माझ्याकडे माणसं आहेत," स्क्रीनवरची एकाक्ष बाई म्हणाली. "तू विहिरीवर जा. पाणी संपलंय."

डॉक्टरांनी मांडीवर थाप मारली. "ऐकलंस? अंगावर काटा येतो! आणि आता हे ऐक." त्यांनी मागे जाऊन दुसरं उत्तर लावलं. 'मी तुला पडूच देणार नाही.'

"मी कोणाच्या परवानगीने उभी नाही."

"वा!" डॉक्टर म्हणाले, आणि असे वळून बघू लागले की जणू ती बाई त्यांनीच घडवली होती.

ताई सोफ्याच्या हातावर टेकल्या. कान गरम झाले होते. "इथे श्वास जरा लवकर घेतलाय," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "नाही. बरोबर घेतलाय."

स्क्रीनवर पुन्हा तो प्रश्न आला आणि चार उत्तरं उभी राहिली. डॉक्टरांचा अंगठा सगळ्यात वरच्या उत्तरावर गेला, 'मीही जगणार नाही', आणि थांबला. मग खाली सरकला.

"ते वरचं राहिलं की," ताई म्हणाल्या.

"असू दे."

"अहो, तेच तर सगळ्यात चांगलं झालंय! तिथे मी—"

"झालं असेल." डॉक्टरांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "त्यावर ती काय म्हणते ते मला ऐकायचं नाही."

ते वाक्य ताईंच्या जिभेवर आलेलं होतं, त्याच्या सगळ्या विरामांसकट. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. तो चष्मा पुसतच होता, काचा केव्हाच स्वच्छ झाल्या होत्या. ताईंनी ते वाक्य गिळलं. वाक्य म्हणून दाखवायची मिळालेली संधी त्यांनी आजवर कधी सोडली नव्हती.

"बरं," त्या म्हणाल्या. "नका ऐकू. पुढे कुठवर पोचलात?"

"पुढे गेलोच नाही."

"मंगळवारपासून?"

"पुढे ती लढाई आहे ना," डॉक्टर म्हणाले.

लढाईत काय होतं ते ताईंना ठाऊक होतं; तिथली सगळी वाक्यं त्यांनीच म्हटली होती, शेवटच्या वाक्यापर्यंत. त्या सोफ्याच्या हातावरून उठल्या.

"सरका जरा," त्या म्हणाल्या आणि त्यांच्या शेजारी खेटून बसल्या. "चला, लावा पुढे. मी आहे इथे."