हवा मोजणारी तार

सोमवारी देवनहळ्ळीच्या बियाणांच्या प्रयोगशाळेत शाल्मलीला रुजू व्हायचं होतं, आणि शनिवारी सकाळी गाडी सुरू होऊन तीन सेकंदांत मान टाकत होती.

गुरुवारी निदान चालत तरी होती. बुदिगेरे रस्त्याच्या चढावर पाय दाबला की आचके द्यायची, मागून काळा धूर सोडायची. एकदा तर भर चढावर बंदच पडली. मागे टँकरवाला हॉर्नवर हात ठेवून बसलेला आणि नऊ महिन्यांच्या शौर्यनं भोकाड पसरलेलं. प्रयोगशाळेत पाळणाघर होतं म्हणून तर नोकरी जमत होती; पण बाळाला तिथवर न्यायचं, तर त्याची खुर्ची बसवलेली घरचीच गाडी हवी.

"महिनाभर पुढे ढकल ना," तिचा नवरा, अवधूत म्हणाला. चांगल्या मनानंच म्हणाला. पण एकदा ढकलून झालं होतं. महिन्याला महिना कसा चिकटत जातो, ते तिला ठाऊक होतं.

म्हणून शुक्रवारी दुपारी, शौर्य झोपल्यावर शेजारच्या भागुबाईंना त्याच्यापाशी बसवून ती खाली पार्किंगमध्ये गेली. आदल्या रात्री तिनं व्हिडिओ पाहिला होता: एअर फिल्टरच्या पुढच्या नळीत एक एअरफ्लो सेन्सर असतो, त्यावर धूळ बसली की गाडी अशी वागते. दोन स्क्रू काढले की तो हातात येतो. खास स्प्रे मारायचा, बोट लावायचं नाही. स्प्रे नव्हता. मग तिनं शौर्यचे इयरबड आणले. ज्या हलक्या हातानं ती त्याचे इवलेसे कान पुसायची, त्याच हातानं तिनं ती केसाएवढी तार पुसली. अगदी मायेनं.

आणि आता हे.

"अक्का, सेन्सरचा प्लग काढून सुरू करून बघा," विश्वेश्वरअण्णांनी फोनवर सांगितलं. त्यांचं गॅरेज पलीकडच्याच रस्त्यावर. त्यांच्या कितीतरी पिढ्या इथंच गेलेल्या, त्यामुळे मराठीत कन्नड मिसळलेलं. प्लग काढला आणि गाडी चालू राहिली! रखडत, कुरकुरत, पण गॅरेजपर्यंत आली.

"प्लग नसला की इंजिन अंदाजानं चालतंय," अण्णा म्हणाले. "म्हणजे दोष सेन्सरचाच." त्यांनी तो काढून उजेडात धरला. तार तुटली होती आणि तिच्या टोकाला कापसाचा एक पांढरा धागा.

"कुणी हात लावलं होतं काय?"

आपोआप गेला असेल, हे शब्द शाल्मलीच्या ओठांवर आले होते. तिनं कडेवरच्या शौर्यला सावरलं. "मीच, अण्णा. इयरबडनं पुसला."

"बाळाच्या?"

"हो."

अण्णा एवढे हसले, की शौर्यही हसायला लागला. "अय्यो! आम्ही बरे मग. मी शिकाऊ होतो तेव्हा कंप्रेसरची हवा मारून एक उडवलाय. मालकानं शिव्या दिल्या, आणि नवा माझ्याकडनंच बसवून घेतला."

"पण ही तार करते काय एवढं?"

"आत किती हवा आली ते मोजते. त्यावरून इंजिन पेट्रोल देतं. मोजमाप चुकलं की देतच सुटतं."

"म्हणजे पोट भरलं की नाही ते न बघता भरवत राहायचं?"

"सरी, बरोबर! आमच्या आईसारखं."

दुकानातून नवा सेन्सर आला. अण्णांनी शौर्यला स्वतःकडे घेतलं आणि स्क्रूड्रायव्हर तिच्यापुढे धरला.

"मी?"

"मग कोण? आधी फिल्टर बदला. तुमच्या घराभोवती सगळं बांधकाम, सगळी धूळ यातच."

जुना फिल्टर मातकट झाला होता. नवा बसवून तिनं सेन्सर फक्त कडांनी धरला. आत सरकवणार, तेवढ्यात थबकली. त्यावर एक छोटा बाण होता. "अण्णा, हा इंजिनाकडे हवा ना? हवा जाते तिकडे?"

"मी सांगणारच होतो. तुम्ही आधी बघितलं."

दोन स्क्रू, प्लगची टिचकी. अण्णांनी स्कॅनर लावून बिघाडाची जुनी नोंद पुसली. इंजिन सुरू झालं, आणि चालूच राहिलं.

"चला अण्णा, चढावर बघून येऊ."

"मी नाही येत. आज मी बसलो तर सोमवारी कोण बसणार?"

शौर्यला खुर्चीत बांधून ती निघाली. चढ आला. मागे टँकर होताच. इथे टँकर कधी नसतो! तिनं पाय दाबला. आचका आला नाही. आणखी दाबला. गाडी सरळ चढत गेली आणि आरशातला टँकर लहान होत गेला. शौर्य स्वतःचा मोजा चघळत होता.

वर पोचल्यावर तिनं गाडी कडेला घेतली आणि अवधूतला फोन लावला.

"सोमवारी आम्ही आठला निघतोय," ती म्हणाली. "तुझा डबा तुझा तू भर."