सेरवाची कंबर आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी मोजपट्टी आहे. घाना देशातल्या कुमासी शहरात, टेकडीवर अडोमा शिंपीणबाईंचं दुकान आहे. तिथे मी त्यांच्या गळ्यात असते. माझे पहिले दोन आकडे पुसले गेलेत, बाकी मी अजून ठणठणीत आहे हं!

अडोमाची मैत्रीण सेरवा लग्नाचा झगा शिवून घ्यायला आली, तेव्हा तिची कंबर अठ्ठावीस इंच होती. आमच्याकडे लग्नानंतर बायको अंगाने भरली की नवऱ्याचं नाव होतं. दर सणाला सेरवाचं माप वाढायचं. अडोमा आकडा मोठ्याने सांगायची आणि दुकानातल्या बाया म्हणायच्या, "ओपोकू बायकोला खाऊ घालतो बरं का!" खोटं कशाला बोलू, मलाही तेव्हा अभिमान वाटायचा.

एके सकाळी चढण चढताना सेरवा छाती धरून खालीच बसली. दवाखान्यातून आली ती रडवेली होऊन.

"डॉक्टरीण म्हणाली, रक्तदाब फार चढलाय, हृदयाला झेपत नाहीये. गोळ्या चुकवायच्या नाहीत. खारवलेली मासळी आणि पाम तेल कमी, कंद कुटून केलेल्या फुफूचा गोळा छोटा, पालेभाजी जास्त. आणि रोज अर्धा तास चालायचं."

"मग चाल की बाई! मला तू हवीयेस," अडोमा म्हणाली.

सेरवा खरंच चालली. सात महिन्यांत माप चव्वेचाळीसवरून एकोणचाळीसवर आलं. आता चढण चढून आली तरी ती हसत बोलायची. मला इतका आनंद झाला, काय सांगू!

पण बाजारात कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणे ओपोकूचा धंदा बसला, कुणी म्हणे हिला काहीतरी मोठा आजार लागला. शेवटी ओपोकूच दुकानात आला.

"ताई, हिच्या काळ्या झग्याला आतून कापूस लावा. शनिवारी काकांचं मातीचं कार्य आहे, अख्खं गोत जमणार. मी तोंड कुठे दाखवू?"

सेरवा खाली बघत म्हणाली, "लाव अडोमा. शनिवारपासून जेवीनही पूर्वीसारखी. यांची मान खाली गेलेली मला बघवत नाही."

अडोमाने मनाविरुद्ध कापूस लावला. मी गळ्यात नुसती लोंबत राहिले. मला बोलता आलं असतं तर ओरडले असते.

शुक्रवारी झगा घालून बघायला सेरवा आली. ओपोकूबरोबर त्याची म्हातारी आईही होती. "अगं बाई, सून कशी भरलीये!" म्हणत तिने सुनेच्या कंबरेला प्रेमाने विळखा घातला. टाका उसवला आणि कापूस बाहेर आला.

"ओपोकू, हे रे काय?"

त्याने अडखळत सगळं सांगितलं. म्हातारी कापूस हातात घेऊन बाकावर बसली.

"तुझ्या बाबांच्या पोटाचं असंच कौतुक व्हायचं. मीच करायचे. नको म्हणाले तरी वाढायचे. अठ्ठेचाळीसाव्या वर्षी छाती धरून बसले, ते उठलेच नाहीत. पोरा, हिचं हृदय जपायचं की तुझं नाक?"

ओपोकूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्याने स्वतःच्या हातांनी राहिलेला कापूस काढला. म्हणाला, "सेरवा, चुकलो गं. उद्या चालायला निघालीस की मलाही उठव."

"उठाल ना नक्की?" सेरवा डोळे पुसत म्हणाली. "नाहीतर पाणी ओतीन हं अंगावर!"

मित्रांनो, मी फक्त इंच सांगते. आतलं हृदय किती दमलंय, ते मला कळत नाही, आणि नुसतं बघून तुम्हालाही कळणार नाही. म्हणून हात जोडून सांगते, तुमच्या घरातलं कुणी जिवासाठी दोन घास कमी खात असेल, तर त्याला आग्रह करून वाढू नका. चपला घाला आणि त्याच्याबरोबर चालायला जा.