रिकामा ब्रेक

देवदत्त वैरागकरांना शब्द सापडेनासे झाले त्याला आता सहा-सात महिने होत आले होते. अर्धांगाचा झटका आला, उजवा हात लुळा पडला, उजवा पाय ओढत चालावं लागलं. पण त्यांना सगळ्यात जास्त जाचलं ते बोलणं. डोक्यात सगळं जागच्या जागी होतं. समोरचा काय म्हणतोय ते कळायचं, काय उत्तर द्यायचं तेही कळायचं, आणि तोंडातून मात्र भलताच शब्द पडायचा. चहा हवा असला की ‘चप्पल’ म्हणायचे. चुकलं हे आधी त्यांनाच ऐकू यायचं, आणि मग ते डावी मूठ आवळून गप्प बसायचे.

त्यापूर्वी सगळं आयुष्य त्यांनी विमा कंपन्यांसाठी अपघातातल्या गाड्या तपासण्यात घालवलं होतं. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, जिथं गाडी ठोकली असेल तिथं जायचं आणि ठोकणाऱ्यानं ब्रेक दाबला होता की नाही, दाबला तर लागला का नाही, हे शोधून काढायचं. स्वतःची गाडी मात्र त्यांनी हौसेनं घेतली होती. पुण्याच्या एका डॉक्टरांनी वापरलेली, जर्मन बनावटीची, काळीभोर आणि लांबलचक. सोलापुरात, जुळे सोलापूर भागातल्या त्यांच्या घराच्या पोर्चमध्ये ती कशीबशी मावायची. तिला त्यांनी कधी परक्याचा हात लागू दिला नव्हता.

त्यांची बायको वैदेही मुलींच्या शाळेत गणित शिकवत होती. तिची सवय स्कूटरची. भावाची लहान गाडी ती चालवायची, पण ही मोठी गाडी दोन-चारदाच, तीही शेजारी देवदत्त बसलेले असताना. आता त्यांना व्यायामासाठी दवाखान्यात न्यावं लागायचं आणि रिक्षात चढता-उतरताना त्यांचा पाय अडकायचा. एकदा तर ते भर रस्त्यात पडता पडता वाचले. त्या दिवशी तिनं घरी येऊन गाडी सुरू करून बघितली, तर समोर ब्रेक झिजल्याचा लाल दिवा.

“गॅरेजवाल्याला घरी बोलावते,” ती म्हणाली.

देवदत्तांनी टेबलावर हात आपटला. मग तोच हात छातीवर ठेवला, तिच्याकडे दाखवला, आणि कपाटाकडे दाखवला. कपाटात नव्या ब्रेक पॅडची खोकी होती. आजारी पडायच्या आधी त्यांनीच मागवलेली. मी सांगतो, तू कर, असं ते म्हणत होते.

बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं की ओळखीच्या कामात त्यांना सामील करून घ्या. वैदेही तयार झाली. मनातून ती घाबरली होती, पण त्यांच्या डोळ्यांत कितीतरी दिवसांनी चमक दिसत होती.

शनिवारी शाळा सकाळची होती. दुपारी त्यांनी मागची दोन चाकं घेतली. देवदत्त प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले, मांडीवर काठी आडवी. वैदेहीनं जुना पंजाबी ड्रेस घातला, ओढणी कमरेला गुंडाळली. जॅक कुठं लावायचा, गाडी उचलल्यावर तिच्याखाली लोखंडी घोडी कुठं ठेवायची, हे ते काठीच्या टोकानं दाखवत होते. तोवर ठीक होतं. पॅड ज्यात बसतात तो जड लोखंडी कॅलिपर तिनं सोडवला आणि दोन्ही हातांत धरला, तेव्हा ते ओरडले, “सोड! सोड!”

तिनं सोडला. कॅलिपर ब्रेकच्या रबरी नळीला लोंबकळला. देवदत्तांच्या तोंडून नुसता कण्हल्यासारखा आवाज आला. त्यांचा डावा हात हवेत काहीतरी घट्ट पकडून होता. तेव्हा तिच्या लक्षात आलं की त्यांना ‘धर’ म्हणायचं होतं. तिनं घाईघाईनं कॅलिपर उचलला, तारेनं वर बांधला, आणि नळीला कुठं चीर गेली नाही ना हे बोटानं चाचपून पाहिलं. नळी धड होती.

“मी तुमचं ऐकणार नाही आता,” ती म्हणाली, “तुमचा हात बघणार.”

त्यावर ते पहिल्यांदाच हसले.

रविवारी पुढची चाकं. एप्रिलचं ऊन, पोर्चचा पत्रा तापलेला. जुने पॅड झिजून पातळ झाले होते, नवे जाड. ते बसावेत म्हणून कॅलिपरमधला पिस्टन शिकंज्यानं मागं दाबायचा होता, आणि तो तसूभरही हलत नव्हता. वैदेहीनं सगळा जोर लावला. देवदत्त खुर्चीतून उठले, काठी टाकली आणि गाडीला टेकून एका हातानं तिच्याबरोबर पिळायला लागले. पिस्टन हळूहळू आत गेला. दोघंही घामानं निथळत होते. डावीकडचं चाक लागलं, मग उजवीकडचं. तिनं पान्यावर पाय देऊन शेवटचा बोल्ट आवळला, गाडी घोड्यांवरून खाली घेतली आणि कंबर धरून उभी राहिली.

तेवढ्यात शेजारचे धोंडप्पा फाटकातून आत आले. ते मूळचे अक्कलकोटकडचे, एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. सकाळपासून ते कंपाउंडवरून डोकावत होते.

“झालं व्हय, वैनी? लई भारी काम केलं की तुमी.”

“एक चक्कर मारून बघते म्हटलं. गल्लीतल्या गल्लीत.”

“मारा की. मागं मी उभा ऱ्हातो. उतार हाय हितं, समोर भिंत हाय. मी हात करतो तशी घ्या.”

पोर्चपासून गल्लीपर्यंत सिमेंटचा तीव्र उतार होता, आणि गल्लीपलीकडे समोरच्या बंगल्याची दगडी भिंत. गाडी उलटी काढून, त्या भिंतीच्या अलीकडे वळवून घ्यावी लागायची. धोंडप्पांनी चाकांमागच्या विटा काढून बाजूला ठेवल्या.

“पाणी,” देवदत्त म्हणाले.

वैदेहीनं आतून तांब्या-भांडं आणलं. त्यांनी भांड्याकडे बघितलंसुद्धा नाही. “पाणी. पाणी,” ते म्हणत राहिले आणि गाडीकडे बोट दाखवायला लागले.

“गाडीत पाणी? सकाळी तुमच्यासमोरच बघितलं ना आपण?”

त्यांनी मान जोरात हलवली. भांडं तिच्या हातातून उडालं आणि पोर्चभर पाणी सांडलं. त्यांनी ते मुद्दाम उडवलं की हात लागला, ते तिला कळलं नाही. दोन दिवसांचा शीण तिच्या डोक्यात चढला. देवदत्त तोवर पाय ओढत ड्रायव्हरच्या दारापाशी पोचले होते. दार उघडून ते आत बसायला बघत होते.

“अहो, काय करताय? तुम्ही चालवणार आहात का?”

“पाणी!”

“साहेब, तुमी नगा बसू तितं,” धोंडप्पा मागून आले. त्यांनी देवदत्तांना खांद्याला धरून अलगद बाजूला घेतलं. देवदत्तांनी स्वतःला सोडवायचा प्रयत्न केला. चांगला पाय ते जमिनीवर आपटत होते, एकदा, दोनदा, तीनदा. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

“लहान मुलासारखं करू नका,” वैदेही म्हणाली. आणि मग जे म्हणू नये तेही म्हणाली. “तुमच्या तोंडून निघेल ते खरं मानत बसले, तर ही गाडी जन्मभर इथंच उभी राहील.”

ते थांबले. तिच्याकडे बघत राहिले. वैदेही नजर चुकवून गाडीत बसली. त्यांनी काठी उचलली, गाडीला वळसा घातला आणि डावीकडचं दार उघडून तिच्या शेजारी येऊन बसले. पाय हातानं उचलून आत घेतला. दार लावलं.

“बरं, बसा,” ती म्हणाली.

तिनं ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबलं. इंजिन सुरू झालं. पेडल सरळ खाली गेलं, पार तळापर्यंत. मोठ्या गाडीचं असंच मऊ असत असेल, असं तिला वाटलं. तिनं गिअर मागं जायचा टाकला आणि पार्किंग ब्रेकची खिट्टी खेचून तो सोडला.

गाडी मागं निघाली. आरशात धोंडप्पा उताराच्या पायथ्याशी भिंतीकडे पाठ करून उभे दिसत होते, हातानं या, या करत. मग त्यांनी तळहात उभा केला. थांबा. वैदेहीचा पाय पेडलवरच होता. तिनं आणखी दाबायला बघितलं. दाबायला खाली काही उरलंच नव्हतं.

“थांबत नाहीये,” ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच लांबून आल्यासारखा वाटला.

गाडी उताराला लागली आणि वेग घेऊ लागली. धोंडप्पांचा हात अजून वरच होता. त्यांना वाटत होतं ती थांबवेल. मग त्यांच्या चेहऱ्यावरचा भाव बदलला, ते बाजूला सरकायला गेले आणि भिंतीलगतच्या गटारीत त्यांचा पाय गेला.

देवदत्तांचा डावा हात तिच्या गुडघ्यावर आदळला. त्यांनी अंग पिळून, पट्ट्याविना सीटवरून अर्धं सरकून तिचा गुडघा खाली दाबला, सोडला, पुन्हा दाबला, पुन्हा सोडला. “पाणी! पाणी! पाणी!” ते ओरडत होते. तिला शब्द ऐकू येत नव्हता, फक्त तो हात कळत होता. तिनं पाय उचलला आणि दाबला. उचलला आणि दाबला. पेडलखाली काहीतरी भरल्यासारखं झालं. आणखी एकदा दाबल्यावर पेडल अर्ध्यातच दगडासारखं अडलं, गाडीनं गचका दिला आणि उभी राहिली.

मागून आवाज आला नाही. वैदेहीला आरशात बघवेना. देवदत्तांनीच पुढं होऊन गिअरची दांडी पार्किंगला नेली. मग त्यांनी तिच्या डाव्या पायाकडे बोट केलं. तिनं त्या पायाखालचा पार्किंग ब्रेक दाबला. त्यांनी बटणाकडे बोट केलं. इंजिन बंद झालं.

“वैनी,” धोंडप्पांचा आवाज आला, “हाय मी. लागलं न्हाय.”

ते भिंतीला चिकटून, एक पाय गटारीत ठेवून उभे होते. गाडीच्या मागच्या बंपरमध्ये आणि त्यांच्या मांडीमध्ये हात जाईल एवढीच जागा होती. ते आडवे सरकत बाहेर आले आणि वैदेहीच्या खिडकीशी येऊन वाकले. चेहरा पांढरा पडला होता, पण बोलले शांतपणे.

“पॅड बदलल्यावर पेडलला पंप मारावा लागतोय. पिस्टन मागं गेल्यालं असतंय, ते पुढं येस्तवर ब्रेक रिकामा असतोय. आयुष्यभर गाडी चालवली, आनि मी बी इसरलो.”

“पंप,” देवदत्त म्हणाले.

दोघांनीही त्यांच्याकडे पाहिलं.

“पंप,” ते पुन्हा म्हणाले, एकदम स्पष्ट. “पंप. पंप.” आणि मग त्यांचा आवाज फुटला आणि ते खिडकीकडे तोंड करून बसले.

वैदेहीला आता सगळं कळत होतं. पंप म्हणायला गेले की पाणी यायचं. ड्रायव्हरच्या सीटवर त्यांना गाडी चालवायला बसायचं नव्हतं, फक्त पेडल दाबायचं होतं. आणि ब्रेक रिकामा आहे हे ठाऊक असून ते तिच्या शेजारी येऊन बसले होते.

गाडी वर चढवून पोर्चमध्ये लावली. धोंडप्पा पाय धुवायला गेले. वैदेहीनं साबणानं हात घासले, पण काळं काही निघालं नाही. जेवताना ती म्हणाली, “मी तसं बोलायला नको होतं.” देवदत्तांनी मान वर केली नाही. भात तसाच ठेवून ते उठले. दिवसभर ते तिच्याशी बोलले नाहीत, तिनं दिलेला चहा घेतला नाही, आणि तिलाही त्यात काही चूक वाटली नाही.

सोमवारी धोंडप्पांनी त्यांच्या ओळखीचा एक मिस्त्री आणला. आपल्या गाडीला परक्याचा हात लागणार म्हणून देवदत्त कपाळाला आठ्या घालून खुर्चीत बसले होते, पण त्यांनी नको म्हटलं नाही. मिस्त्रीनं चारही चाकं काढून पाहिली, बोल्ट पुन्हा आवळले, ब्रेक ऑइल थोडं वर भरलं. काम बरोबर आहे म्हणाला. देवदत्तांनी वैदेहीकडे पाहिलं. राग अजून गेलेला नव्हता, पण त्यांनी पाहिलं.

मंगळवारी ते दोघं गाडीनं दवाखान्यात निघाले. गल्लीतून बाहेर पडायच्या आधी तिनं पेडल दाबून बघितलं, आणि त्यांच्याकडे वळून विचारलं, “निघू?” त्यांनी मान डोलावली. सात रस्ता चौकात सिग्नल हिरवा झाला. ती गाडी पुढं काढणार एवढ्यात ते म्हणाले, “खिडकी.”

वैदेहीनं खिडकीकडे पाहिलं नाही. त्यांच्या हाताकडे पाहिलं. त्यांचं बोट डावीकडे होतं, तिथून एक हातगाडीवाला, टरबुजांचा ढीग घेऊन, सिग्नलची पर्वा न करता रस्त्यात उतरत होता. तिनं ब्रेक दाबला आणि तो पलीकडे जाईपर्यंत थांबली. मागच्या रिक्षांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. देवदत्तांनी हात मांडीवर घेतला.

“आता,” ते म्हणाले.